मुरलेलं मडकं

ईट गावच्या ख्रिस्ती वस्तीतला माणूस दोनदा मरतो, असं गावातले लोक चेष्टेनं म्हणत. एकदा खराखुरा, आणि एकदा शिंदीची दारू सोडतो तेव्हा. चेष्टा असली तरी बोलणं खोटं नव्हतं. गावकुसाबाहेर, ओढ्याच्या अलीकडं ही पंधरा-वीस घरं. बाप्तिस्मा होऊन एक पिढी उलटली होती, पण जुन्या रीती काही अंगातून गेल्या नव्हत्या. त्यांनी नुसते कपडे बदलले होते. मयताच्या मागं मडकं फोडतात, ती रीतही अशीच देवळात आली. देऊळ म्हणजे मिशनची शाळा, आठवडाभर पाटीवर बाराखडी आणि रविवारी उपासना. ज्याला शिंदी सोडायची असेल त्यानं आपलं प्यायचं मडकं घेऊन यायचं, शाळेच्या दगडी पायरीवर सगळ्या मंडळीदेखत आपटायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "जुना माणूस मेला." मग बाया डोळ्याला पदर लावत, गडी हालेलुया म्हणत आणि पोरं खापऱ्या वेचून ठिकरीचा डाव मांडत.

दगडोबाचा जुना माणूस मरून दोन वर्षं झाली होती, आणि सगळ्या वस्तीत त्याच्याइतका चांगला मेलेला दुसरा कुणी नव्हता. धंद्यानं तो केरसुण्या बांधणारा. शिंदीच्या झाडाची पाती कापायला रोज शिंदबनात जायचं, आणि शिंदबनात डोक्यावर काय लटकलेलं असतं? गुत्तेदाराची, रस धरायला बांधलेली मडकी. दुपार झाली की ती फसफसायला लागत, वाऱ्यावर तो आंबूस-गोड वास सुटे, आणि हा बाबा खाली बसून मुकाट्यानं पाती चिरत असे. दारूच्या गुत्त्यावर बसून उपास करण्यासारखंच ते. लोकांनी त्याला उगाच मंडळीचा पंच केला नव्हता. प्रभुभोजनाच्या दिवशी, म्हणजे प्रभूचं शरीर म्हणून भाकर आणि रक्त म्हणून मनुकांचा रस घेतात त्या दिवशी, पाळकांच्या हातून पेला घेऊन ओळीत फिरवायचा मान त्याचा होता. बायको इरम्मा, नळदुर्गाकडची, कानडी मुलखातली. लग्नानंतरची आठ-दहा वर्षं तिनं नवऱ्याच्या तोंडाचा वास सोसत काढली होती, आणि आता ती मंडळीत मान वर करून बसत असे. प्रभुभोजनासाठी मनुका भिजवून रस काढायचं काम पाळकांनी तिच्याकडं दिलं होतं.

एक गोष्ट मात्र दगडोबानं कुणाला सांगितली नव्हती. मडकं फोडलं त्या दिवशी त्याच्याकडं मडकी दोन होती. एक नवं, बुडाला पाझरणारं. दुसरं बापाच्या हातचं, शिंदबनातच ठेवलेलं, इरम्मानं कधी न बघितलेलं, काळंभोर, असं मुरलेलं की सकाळची गोड नीरा त्यात ओतली तर दुपारपर्यंत डोळ्यांत पाणी आणायची. दगडोबानं पाझरणारं फोडलं. दुसऱ्याला हात लावायचा धीर झाला नाही. बापाची आठवण, असं त्यानं स्वतःला सांगितलं, त्यात दुध्या भोपळ्याच्या बिया भरल्या आणि ते आढ्याला टांगून दिलं. प्यायचं म्हणून नव्हे हो! दोन वर्षांत थेंब घेतला नाही, हे देवाशप्पथ खरं. फक्त कधीमधी, घरात कुणी नसताना, तो ते खाली काढी, बिया बाजूला सारी आणि नाक आत घालून एक लांब श्वास ओढी. परत टांगून ठेवी. वासाला कसलं आलंय पाप? असं तो म्हणे, आणि म्हणायची गरज पडते यातच सगळं आलं, हे त्याला कळत नव्हतं असंही नाही.

त्या वर्षी लढाई चालू होती. जर्मन कुठं आणि जपानी कुठं हे ईटमध्ये फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. पण बाजारातून कथील नाहीसं झालंय आणि कल्हईवाला फिरकत नाही, हे बायांना पक्कं ठाऊक होतं. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, बार्शीकडून लोंढे पाळक यायचे होते. इरम्मानं बुधवारी मनुका निवडल्या तेव्हा तिच्या ध्यानात आलं की पितळेच्या भांड्याची कल्हई पार उडालीय, त्यात आंबट रस ठेवला तर कळकून जाईल. दगडोबा केरसुण्या घेऊन भूमच्या बाजाराला गेलेला. तिनं आपली आपण तजवीज केली. मनुका भिजत घातल्या, वर ओलं फडकं बांधलं आणि सगळं कोपऱ्यात टोपलीखाली झाकून ठेवलं. पवित्र जिन्नस म्हणून त्या कोपऱ्याकडं घरातलं कुणी फिरकत नसे.

शुक्रवारी पाळक आलेच नाहीत. परंड्याच्या अलीकडं त्यांच्या बैलांच्या दमणीचा आख मोडला. ते पोचले शनिवारी, दिवस मावळता मावळता. मग प्रभुभोजन ईस्टरच्या सकाळी ठरलं. चैत्राचं ऊन, आणि मनुका भिजतच होत्या.

दगडोबाचं सगळं लक्ष त्या दिवसांत गोरोबाकडं होतं. गोरोबा हलगी वाजवणारा. लग्न असो, जत्रा असो, त्याच्या हलगीचं मोल शिंदीतच मिळे. त्याची बायको सारजा पोरं घेऊन माहेरी निघून गेली होती आणि निरोप पाठवला होता, की मडकं फुटल्याशिवाय तोंड दाखवायचं नाही. दगडोबानं महिनाभर गोरोबाला सावरलं होतं. हात कापायला लागले की त्याला शेजारी बसवून पाती चिरायला द्यायची, रात्री प्रार्थना म्हणायला लावायची. शेवटी सारजाला माहेरून आणायला दगडोबा स्वतः गेला. "ह्याचा जामीन म्या," तो तिच्या बापाला म्हणाला होता. "पुन्यांदा प्याला तर पोरीला तुमी घेऊन जावा, म्या तोंड वर करणार न्हाय." सारजा आली ती गाठोडं न सोडताच राहिली. बघू म्हणाली.

ईस्टरच्या सकाळी गोरोबानं पायरीवर मडकं आपटलं. "जुना माणूस मेला," हे म्हणताना त्याचा आवाज असा चिरकला की दोघं-तिघं हसले. तसाही गोरोबाला वस्तीत कुणी मोजत नसे. दगडोबानं त्याला पहिल्या ओळीत आपल्या शेजारी बसवलं. पलीकडं बायांत सारजा पोराला मांडीवर घेऊन बसली होती, नवऱ्यावरची नजर काढत नव्हती. इरम्माचं मात्र काहीतरी बिनसलं होतं. पहाटेपासून ती एक शब्द बोलली नव्हती, आणि नवऱ्याकडं बघे ती अशी, की जणू त्यानं कुणाचा खून केलाय. दगडोबानं मनाला लावून घेतलं नाही. बायकांचं काय, आज ऊन, उद्या सावली.

पाळकांनी भाकर मोडली. पेला उचलला, आशीर्वाद मागितला, एक लहानसा घोट घेतला. त्यांच्या भुवया किंचित वर गेल्या, एवढंच. नगरकडं वाढलेला, बोर्डिंगात शिकलेला माणूस. शिंदी त्यांनी आयुष्यात कधी ओठाला लावली नव्हती. रस जरा आंबलाय, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी पेला दगडोबाच्या हातात दिला.

दगडोबानं डोळे मिटून घोट घेतला आणि ते खाडकन उघडले.

शिंदी! जिभेवर तीच झणझण, घशात तीच ऊब. आणि नुसती शिंदी नव्हे. ज्याचं मडकं त्याला कळतं. मागं राहणारी ती धुरकट, कडसर चव जगात एकाच मडक्याची होती. बापाच्या. आढ्यावरचं मडकं, दुध्याच्या बिया, प्रभूचं रक्त, हे सगळं एका घोटात कसं आलं, त्याला काही केल्या कळेना. ओरडावं, थांबा म्हणावं, पेला खाली ठेवावा, यातलं काहीही त्याला करता आलं असतं. पण ओरडायचं तर पुढं सांगावं लागणार, की मी हे कसं ओळखलं. तेवढ्या एका विचाराला जितका वेळ लागला, तितक्यात दोन वर्षांच्या सवयीनं त्याचा हात पुढं गेला होता, आणि गोरोबानं दोन्ही हातांनी पेला धरून ओठाला लावला होता.

गोरोबाचा चेहरा त्यानं बघितला. तो बघण्यापेक्षा डोळे फुटले असते तर बरं, असं त्याला वाटलं. गोरोबाचे डोळे एकदम मोठे झाले, मग भरून आले, मग तो खाली मान घालून दगडासारखा बसला.

पेला पुढं गेला. म्हातारा मसाजी घोट घेऊन थबकला, त्यानं ओठ पुसले आणि छातीवर हात ठेवला. त्यापलीकडचा एक जण प्यायला नि त्यानं चोरून इकडंतिकडं बघितलं. कुणी बोललं नाही. बायांच्या ओळीत पेला इरम्मापुढं आला तेव्हा तिनं पलीकडं दगडोबाच्या तोंडाकडं बघितलं, आणि न पिता पेला शेजारणीकडं सरकवला. दगडोबा एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिला. आता कुणीतरी बोलेल, आता बोलेल, असं करता करता शेवटचं गीतही झालं.

मंडळीची रीत अशी, की उरलेला रस भुईवर ओतायचा नाही. तो पंचानं पिऊन संपवायचा. शाळेच्या आतल्या कोपऱ्यात चिनी मातीची बरणी ठेवलेली, आणि तिच्यात अजून तांब्याभर रस होता. बाहेर पाळक लोकांशी बोलत होते, पोरं खापऱ्या वेचत होती. दगडोबा बरणीपुढं एकटा उभा राहिला.

पहिला घोट त्यानं रीत म्हणून घेतला. हे तो पुढं सगळ्यांसमोर सांगणार होता, आणि ते खरंही होतं. दुसरा घोट मात्र रीत म्हणून नव्हता. तिसऱ्याला तर त्यानं डोळे मिटले. बरणी उलटी करून शेवटचा थेंब त्यानं जिभेवर घेतला, आणि तेव्हा कुठं त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला. समाधानाचा हुंकार, पूर्वी गुत्त्यावर बसून निघायचा तसाच. त्या आवाजानं तो इतका हादरला की बरणी हातातून निसटता निसटता वाचली. दोन वर्षांचा मेलेला माणूस एका बरणीसरशी उठून बसला होता, आणि तोही ईस्टरच्या दिवशी, देवाच्या घरात. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, हे त्याला त्या घडीला कळलं.

घरी गेला तर दारातच सूप, आणि सुपात दुध्याच्या बिया उन्हाला घातलेल्या. आढ्याकडं बघायची गरजच उरली नाही.

"रस कशात भिजवला व्हता?" त्यानं विचारलं.

"का? आता रसात खोट काढताय?" इरम्मा चुलीपुढून उठली. "बियांचं मडकं व्हतं वर, ते घेतलं. राखंनं घासलं, चिंचंनं घासलं. तुमास्नी काय त्याचं? रसाचं इचारू नका मला. पहाटं रस गाळत व्हते तवा वास आला. वळून बघितलं, तर तुमी भायेरनं आत येत व्हता. तवाच समजले म्या. दोन वर्सं फशिवलं मला! प्यायचं तर प्या, पर देवाच्या पेल्याला हात लावताना तरी लाज वाटायची व्हती." ती जवळ आली, नाक ओढलं आणि दोन पावलं मागं झाली. "अय्यो देवा... आता बी येतोय."

आपल्या माणसांची खोडच अशी. वास आला की आधी माणूस हुंगायचा. मडक्यावर कुणाचा संशय जात नाही. रस नासलाय म्हणून तिला सांगायचं झालं, तर पुढचं सगळं सांगावं लागणार. आणि तिच्याच हातून सगळ्या मंडळीला शिंदी पाजली गेली, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? दगडोबा गप्प राहिला. गप्प राहणं म्हणजे कबुली, असं धरून इरम्मा पदर तोंडात कोंबून भिंतीकडं तोंड करून बसली.

तेवढ्यात सारजा दारात आली. धाप लागलेली, कडेवर पोर. "नाना, ह्यांनी हलगी उचलली न् शिंदबनाकडं गेले. जेवले न्हाईत, बोलले न्हाईत. तुमी जामीन हाय." एवढं बोलून ती थांबली आणि पुढचं हळू आवाजात म्हणाली, "माजं गाठोडं अजून सोडलेलं न्हाय."

दगडोबा पळतच निघाला. ऊन मी म्हणत होतं.

गोरोबा एका शिंदीच्या झाडाखाली बसला होता. पुढ्यात शिंदी काढणाऱ्याकडून आणलेलं मडकं, गळ्यापर्यंत भरलेलं, फेसाळलेलं. अजून त्यानं ओठ लावला नव्हता. दगडोबाला बघून तो उठलाही नाही.

"नाना, तुमी परत जावा," तो म्हणाला. "माज्यात आता राम उरला न्हाय. समद्या मंडळीनं प्रभूचं रक्त प्यालं, न् माज्याच तोंडात त्याची शिंदी झाली. खरं सांगतो. शिंदीच लागली. पेला तोच, रस तोच, माजी जीभ नासकी. सकाळी वरडून म्हटलं जुना माणूस मेला. तो मेला न्हाय, नाना. देवाचं रक्त बी त्यानं बाटवलं."

दगडोबाला वाटलं होतं की आजच्या दिवसातले सगळे धक्के खाऊन झाले. हा सगळ्यात मोठा निघाला. पेल्यातलं पाप ह्यानं आपल्या जिभेवर घेतलं होतं! आणि तरीही, ऐका, तरीही दगडोबाच्या तोंडून पहिल्यांदा जे निघालं ते खरं नव्हतं.

"अरं, सवय असती. हळूहळू जाईल. असं वाटतं पयल्या पयल्यांदा."

"तुमास्नी वाटलं व्हतं?" गोरोबानं आशेनं वर बघितलं. "तुमच्या जिभंला आली व्हती का आशी चव? कवा बी?"

"न्हाय," दगडोबा म्हणाला.

का म्हणाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. दोन वर्षं भला माणूस म्हणवून घेतलं की जिभेला तेच वळण लागतं, दुसरं काय. गोरोबानं मान डोलावली, जसा वैद्यानं हात टेकल्यावर रोगी डोलावतो. "मंग झालं तर," असं म्हणून त्यानं मडकं उचललं.

दगडोबानं त्याचं मनगट धरलं. शिंदी दोघांच्या हातावर सांडली. "थांब! ती चव खरी व्हती. शिंदीच व्हती ती. माजं मडकं, गोरोबा. दुसरं. म्या फोडलंच न्हाय ते, घरात ठिवलं. इरम्माला काय ठावं, तिनं त्यातच मनुका भिजिवल्या. तुजी जीभ चांगली हाय रं बाबा. माजंच मडकं नासकं हाय."

गोरोबाच्या ओठांवर एक केविलवाणं हसू आलं आणि डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. "लई मोठं मन हाय तुमचं, नाना. माज्यासाठी सोताच्या तोंडाला काळं फासून घेता. तुमी कशाला ठिवाल मडकं? तुमी म्हंजी... तुमी."

ज्या नावावर दगडोबा दोन वर्षं मिरवला, तेच नाव त्याच्या खऱ्या बोलण्याच्या आडवं येऊन उभं राहिलं होतं. चोराची बोंब कुणी ऐकत नाही म्हणतात; इथं तर चोर कबुली द्यायला आला तरी त्याला साव म्हणून हाकलत होते. त्यानं शपथा घेतल्या, छाती बडवली. गोरोबा "व्हय व्हय" म्हणे आणि समजूतदारपणे मान हलवी.

"बरं, माजं ऐकू नको," दगडोबा शेवटी म्हणाला. "सोताच्या डोळ्यांनी बघ. सांजच्याला उपासना हाय, पाळक हायेत. मडकं घिऊन समद्यांम्होरं हुबा ऱ्हातो. तवर ह्याला शिवू नको. मंग बी प्यावं वाटलं तर पी, म्या आडवा येणार न्हाय."

गोरोबानं मडक्याकडं बघितलं. मग ते झाडाच्या बुंध्याशी टेकवून तो उठला. दोघं वस्तीकडं निघाले.

दिवस अजून मावळायचा होता. घराच्या दाराशी मडकं धुऊन पालथं घातलेलं होतं. दगडोबानं ते उचललं तसं इरम्मानं आतून विचारलं, "बियांचं मडकं कुठं नेताय?" तो शाळेकडं चालू लागला. ती तशीच मागं मागं आली.

शाळेत माणसं बसली होती. लोंढे पाळक ईस्टरचं गीत सांगणार, तेवढ्यात दगडोबा पुढं जाऊन उभा राहिला. हातात मडकं बघून दोघं-तिघं हालेलुया म्हणाले. त्यांना वाटलं, आणखी कुणाचं तरी फोडायचंय.

"हे माजं हाय," दगडोबा म्हणाला. "दोन वर्सांमागं म्या फोडलं ते पाझरतं व्हतं. हे मुरलेलं, म्हणून ठिवलं. त्याचा वास घ्यायचो. थेंब प्यालो न्हाय, पर वास घ्यायचो, चोरून. इरम्मानं बियांचं मडकं समजून ह्यात रस केला. सकाळी पेल्यात शिंदी व्हती. पयल्याच घोटात वळखलं म्या, तरी पेला गोरोबाच्या हातात दिला. उरली ती बी प्यालो, पार संपंस्तोवर. पयला घोट रीत म्हणून, बाकीची गोड लागली म्हणून."

पाळकांच्या हातातलं गीतांचं पुस्तक खाली पडलं, ते त्यांनी उचललंही नाही. "मी आशीर्वाद मागितला त्या पेल्यावर," ते इतकंच पुटपुटले आणि बाकावर बसले. बायांच्या बाजूनं एक किंकाळी उठली. ती इरम्मा होती. "माज्या हातानं! अय्यो, माज्या हातानं समद्यास्नी पाजली!" सारजानं तिला धरून खाली बसवलं. गोरोबा उठला, पुढं आला, दगडोबाच्या हातातल्या मडक्यात त्यानं नाक घातलं, आणि भर मंडळीत लहान पोरासारखा हमसून हमसून रडायला लागला. "खरी व्हती," तो म्हणत होता. "माजी जीभ न्हाय. खरीच व्हती ती."

"म्हंजी?" मागून मसाजीचा थरथरता आवाज आला. "म्हंजी मला लागली ती बी खरीच? सकाळधरनं अन्न गेलं न्हाय मला. म्हटलं, म्हातारपणी पाप उलटून तोंडात आलं."

"मला बी," दुसरा एक जण भीत भीत म्हणाला.

"मला बी लागली की."

सगळी ओळच्या ओळ! ज्यानं ज्यानं कधी काळी शिंदी सोडली होती त्या प्रत्येकानं सकाळी ती ओळखली होती, आणि प्रत्येकानं पाप आपलंच समजून तोंड मिटलं होतं. क्षणभर सगळे एकमेकांकडं बघत राहिले. कुणालातरी हसू फुटलं. पण ते हसू पुरतं होण्याआधीच पाळकांनी मान वर केली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"दगडोबानं ठेवलं," ते म्हणाले. "आणखी कुणी ठेवलंय?"

मग मसाजी काठी टेकत उठला आणि काही न बोलता बाहेर गेला. म्हातारा रागावला असं सगळ्यांना वाटलं. थोड्या वेळानं तो आला तो एक काळं मडकं छातीशी धरून. "मीठ ठिवतो ह्यात," तो कुणाकडंही न बघता म्हणाला. "पर आदी शिंदीचंच व्हतं." त्यानं ते दगडोबाच्या मडक्याशेजारी ठेवलं. मग बायांतून एक जण उठली, नवरा तिचा पदर ओढत असताना तो झटकून गेली, आणि येताना मडकं घेऊन आली. मग तिचा दीर उठला. मग आणखी दोघं. एकानं आधी शपथ घेतली की माझ्याकडं नाही, आणि मग तोही उठला.

लोंढे पाळक बघत होते. ह्याच पायरीवर त्यांनी ह्या प्रत्येकासाठी प्रार्थना केली होती, प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवला होता. एकानंही मुरलेलं फोडलं नव्हतं. जे गळकं, जे तडकलेलं, जे नाहीतरी उकिरड्यावर जायचं, तेवढंच देवाला दिलं होतं. पुढ्यात मडक्यांची ओळ वाढत चालली आणि माणसांच्या माना खाली खाली गेल्या. दगडोबाला वाटलं होतं की सगळ्या मंडळीत आपण एकटेच खोटे. ते खरं नव्हतं, आणि याचा त्याला जराही दिलासा वाटला नाही.

शेवटी पाळकांची नजर गोरोबावर गेली. तो अजून मधेच उभा होता, डोळे पुसत. "आणि तुझं?" त्यांनी विचारलं. "तुझं दुसरं कुठाय, गोरोबा?"

गोरोबा गोंधळला. त्याला प्रश्नच कळला नाही. त्यानं पाळकांकडं बघितलं, दगडोबाकडं बघितलं, त्या मडक्यांच्या ओळीकडं बघितलं. "सकाळीच फोडलं की साहेब, तुमच्याम्होरं," तो म्हणाला. "माजं एकच व्हतं."

कुणाला वर बघवेना. दगडोबानं बापाचं मडकं उचललं, गोरोबाच्या हातात दिलं आणि ते फोडायला त्यालाच सांगितलं, कारण त्या सगळ्या जमावात ते काम खरोखर केलेला माणूस तेवढा एकच होता.